रुपया न्हाई, सेल होता

पेपरवर ठेवलेला सेल पेपरवर नव्हता. आणि माझी लेक खाली फरशीवर बसून खोकून राहिली होती.

मी आधी पेपर उचलला. मग पान्यांचा डबा सरकवला. मग टेबलाखाली वाकून हात फिरवला, निस्ती ग्रीस लागली हाताला. ईशू दीड वर्षाची. तिच्या तोंडातून लाळ गळून राहिली होती, धार लागल्यावानी, आणि ती दोन्ही हात वर करून माझ्याकडं बघत होती, उचल म्हणून. मी तिच्या तोंडात बोट घातलं. काही लागलं न्हाई. पालथी करून पाठीत थापटलं. ती ओकली, पण निस्तं पाणी आलं. मग लेकरू रडलं, आणि रडताना मधीच थांबून गिळायला बघत होतं, आणि गिळता येत नव्हतं.

काउंटरवरून शेठनं विचारलं, काय झालं गं सारिका.

मी म्हणले, "रुपया गिळला वाटतं हिनं."

रुपया. सेल न्हाई, रुपया. माझ्या तोंडातून तोच शब्द काऊन निघाला, ते सांगायचं म्हणून हे लिहून राहिले. नावं सगळी बदललीत, माझं बी. बाकी झालं तसं हाय.

मी नांदेडमधी सायकलच्या दुकानात मिस्त्री हाय. बाई मिस्त्री म्हणलं की लोक आधी हसतात, मग गप सायकल पुढं करतात. मुदखेडला स्टेशनजवळ माझ्या आबांचं पंक्चरचं दुकान होतं. माझी शाळा आठवीत सुटली आणि मी त्या दुकानात बसले. लग्न होऊन नांदेडला आले. ईशूचे पप्पा ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर, आज इथं तर उद्या पुण्याला. घरी बसून काय करू म्हणून दुकानात विचारलं. शेठनं एक चाक दिलं, वाकडं झालेलं, म्हणले सरळ करून दाखव. करून दाखवलं. तवापासून तिथंच.

आमच्या दुकानात गिअरच्या सायकली येतात. गिअर म्हणजे काय ते आधी सांगते, न्हाईतर पुढचं समजणार न्हाई. मागच्या चाकाला दातऱ्या चकत्या असतात, लहान-मोठ्या, एकीला एक लागून, दहा न्हाईतर बारा. सपाट रस्त्याला चैन बारक्या चकतीवर पायजे, चढाला मोठ्या. चैन ह्या चकतीवरून त्या चकतीवर ढकलायला मागं एक लोखंडी हात लटकलेला असतो. त्याला डिरेलर म्हणतात. हँडलवरच्या लिव्हरपासून त्या हातापर्यंत बारीक वायर जाते. लिव्हर दाबली की वायर वढली जाते, वायरीनं हात सरकतो, हातानं चैन सरकते. इतकंच हाय ते.

वायर वापरून वापरून ढिल्ली पडते. मग चैन दोन चकत्यांच्या मधी अडकून कटकट करते. तिथं एक बारकी घुंडी असते, ती पाव पाव आटा, म्हणजे पाव पाव फेरा, फिरवायची. किती फिरवायची ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. आबांनी मला डोळे मिटायला लावून शिकवलं. एका हातानं पायडल फिरवायचं आणि ऐकायचं. मला अजून बी आवाजावरून समजतं, चैन कोणत्या चकतीवर नाराज हाय. सकाळी सायकल चालवणारे इथले डॉक्टर लोक, कॉलेजचे प्रोफेसर, सगळे म्हणायचे, गिअरचं असंल तर सारिकाला दाखवा. मला ते लई आवडायचं. खोटं काऊन बोलू.

मग इलेक्ट्रॉनिक गिअर आले.

ह्याच्यात वायरच न्हाई. लिव्हर दाबली की टीव्हीच्या रिमोटवानी सिग्नल जातो. डिरेलरमधी एक बारकी मोटर असते, ती झूं करते आणि चैन जाऊन बसते. दरवेळी बरोबर जागेवर. घुंडी न्हाई, आटा न्हाई, ऐकायचं काही न्हाई. काही बिघडलं तर मोबाईल जोडायचा, आणि मोबाईल इंग्लिशमधी सांगतो काय बिघडलं ते. मोटरला मागं चार्जिंगची बॅटरी असते. आणि लिव्हरच्या रबराखाली बारकं झाकण असतं, त्याच्या आत एक चपटा सेल. कारच्या किल्लीत असतो तसला. रुपयाएवढा गोल.

आणि ह्या गिअरासंगं ऋतुजा आली.

शेठचं दुसरं दुकान लातूरला हाय. ऋतुजा तिथली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बीएस्सी झालेली, पुण्याला जाऊन कोर्स केलेली. नांदेडला इलेक्ट्रॉनिकवाली सायकल आली की शेठ तिला फोन करायचे आणि ती बसनं यायची, पाठीला बॅग, बॅगेत टॅबलेट. हातात काळे रबरी ग्लोव्हज घालायची. काम झालं की ग्लोव्हज काढायची आणि खाली नखं पांढरी स्वच्छ. माझी नखं बघा. लग्नातल्या मेंदीच्या दिवशी सुद्धा ग्रीस निघाली नव्हती.

तिला चहा कपात यायचा, मला कागदाच्या ग्लासात. तिला मॅडम, मला सारिका. ती मोबाईलवर बोट फिरवायची आणि गिऱ्हाईक माना डोलवायचे. मी अर्धा तास कान लावून बसायची तवा कुणी मान डोलवली न्हाई कधी. घरी जाऊन मी ईशूच्या पप्पांना सांगायची, ती काय करते, निस्तं मोबाईल लावते, मिस्त्री कशाची. ते म्हणायचे, मग तू बी शीक की. मला त्याचा अजून राग यायचा.

ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला ताई म्हणायची. येताना ईशूसाठी राजगिऱ्याचा लाडू आणायची. आणि ईशू, माझं स्वतःचं लेकरू, तिला बघितलं की माझ्या कडेवरून तिच्याकडं झेप घ्यायचं. मला ते सुद्धा बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात बिराजदार सरांची सायकल आली. सरांचे लातूरला क्लासेस हायत, बारावीच्या पोरांचे. रविवारी त्यांचा ग्रुप नांदेडहून सहस्रकुंडच्या धबधब्याला जाणार होता, हिमायतनगर, इस्लापूर करत. म्हणून सरांनी गुरुवारीच सायकल आमच्याकडं आणून टाकली. बिघाड काही नव्हता, निस्तं चेक करायचं होतं. दुकानात चार गिऱ्हाईक होते. मी पुढं होऊन म्हणले, ठेवा सर, करून ठेवते.

सर म्हणले, "न्हाई न्हाई, तू हात लावू नको. हे वायरचं काम न्हाई. उद्या ऋतुजा मॅडम येतील."

रागानं न्हाई म्हणले. हसून म्हणले. गिऱ्हाईक बी हसले. मी पण हसले, आणि मागं जाऊन एका पोराच्या सायकलीचं ब्रेक इतकं घट्ट केलं की चाकच फिरंना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सासूबाई नणंदेकडं गेलेल्या, म्हणून ईशू माझ्यासंगं दुकानात. तिची झोप झाली की मी तिला टेबलाजवळ सतरंजीवर बसवायची, हातात रबराचं हॅण्डग्रिप द्यायची, ती चावत बसायची. ऋतुजाची बस बाराच्या आसपास येणार होती. साडेदहा वाजले होते. सरांची सायकल स्टँडवर टांगलेली. शेठ काउंटरवर.

पहिलं तर निस्तं बघायचं होतं. खरं सांगते. रबर मागं सारलं, बारके स्क्रू काढले, झाकण निघालं, नखानं उचलला तर सेल हातात आला. मी त्याच्याकडं बघत बसले. एवढंसं. एवढ्यासाठी पुण्याला जायचं, एवढ्यासाठी कपात चहा.

मग डोक्यात दुसरं आलं. सेल पेपरवर ठेवला आणि झाकण तसंच, रिकामं, लावून टाकलं. स्क्रू कसले. रबर नीट बसवलं. आता ती येईल, शेठसमोर लिव्हर दाबंल, गिअर हलणार न्हाई. ती मोबाईल लावंल, टॅबलेट लावंल. मोबाईल काय सांगंल ते सांगू दे. मग मी उठंल आणि सगळ्यांसमोर म्हणंल, मॅडम, जरा सेल बघता का. मी मनातल्या मनात ते दोन-चारदा म्हणून बघितलं. कोणत्या आवाजात म्हणायचं ते बी ठरवलं.

तेवढ्यात एक बाई हवा भरायला आली. दोन मिनिटं गेले असतील. परत आले तर पेपर मोकळा, आणि ईशू खोकत.

आता समजलं असंल मी रुपया काऊन म्हणले. सेल म्हणलं असतं तर शेठनं विचारलं असतं, कुठला सेल. सरांच्या सायकलीतला. तू काऊन काढला. आणि मला वाटलं, रुपया काय अन् सेल काय, दोन्ही गोल, दोन्ही गुळगुळीत. आमच्या शेजारच्या पोरानं खरंच रुपया गिळला होता, दोन दिवसांनी आपोआप निघाला. ह्याचं बी तसंच व्हईल. मला खरंच तसं वाटलं. सेलबद्दल मला काही माहीत नव्हतं. माहीत असतं आणि मी तसं बोलले असते, तर आज हे लिहायला मी बसले नसते.

शेठनं गल्लाच बंद केला, मला जवळच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनी ईशूचा श्वास बघितला, टॉर्च लावून घसा बघितला. काय गिळलं विचारलं. मी शेठकडं बघितलं आणि म्हणले, रुपया. डॉक्टर म्हणले श्वास चांगला हाय, घाबरू नको, केळ खाऊ घाल, शीतून निघंल. न्हाई निघाला न्हाईतर त्रास वाढला तर एक्स-रे फोटो काढू. डॉक्टरची चूक न्हाई. मी रुपया सांगितला, त्यांनी रुपयाचं औषध सांगितलं.

तिथून घरी जायला पायजे होतं. शेठ बी म्हणले, जा घरी. मी म्हणले, घरी कुणी न्हाई, इथंच बसते तिला घेऊन. ते खरं होतं. पण अजून एक कारण होतं, आणि ते लिहायला मला लाज वाटते. बारा वाजत आले होते. मला ऋतुजाची फजिती बघायची होती.

लेकरू माझ्या खांद्यावर लाळ गाळून राहिलं होतं, ब्लाउज भिजला होता, आणि मी दाराकडं बघून राहिले होते.

केळ खाऊ घातलं तर ईशूनं दोन घास तोंडातच धरले आणि बाहेर टाकले. पाणी पाजलं तर ते बी बाहेर. मग ती मरगळली. झोपली असंल, असं मी स्वतःला सांगितलं.

ऋतुजा आली. बॅग ठेवली, ग्लोव्हज घातले, सायकलचं पायडल फिरवून लिव्हर दाबली. गिअर हलला न्हाई. परत दाबली. तिनं मोबाईल बी काढला न्हाई. सरळ रबर मागं सारलं, झाकण उघडलं, आत बघितलं. अर्धा मिनिट लागला असंल. मी सकाळपासून मनात जे घोळवलं होतं ते तिनं चहा यायच्या आत संपवलं.

शेठ गिऱ्हाईकात होते, तिनं मला हळूच विचारलं, ताई, ह्याच्यातला सेल कुणी काढला. मी म्हणले, मला काय माहीत, मला तर हातच लावू दिला न्हाई.

ती हसली न्हाई. माझ्या खांद्यावर बघत होती. लेकरू असं काऊन पडलंय म्हणली. शेठ तिकडूनच म्हणले, रुपया गिळलाय सकाळी, डॉक्टरला दाखवून आणलंय. ऋतुजानं टेबलावरचं अर्धं केळ बघितलं. फरशीवरची लाळ बघितली. रिकामं झाकण तिच्या हातातच होतं.

मग तिनं तिच्या बॅगेतून नव्या सेलचं पाकीट काढलं. ते पाकीट कडक प्लास्टिकचं असतं, कात्रीशिवाय फाटत न्हाई. मला वाटायचं उगीच असं करतात. तिनं ते उलटं करून माझ्या पुढं धरलं. मागं बारकं चित्र होतं, लेकराचं, त्याच्यावर लाल रेघ. ते चित्र मी कितीकदा बघितलं असंल. खाली इंग्लिश होतं. मला वाटायचं लहान पोरांनी खेळू नये असं काही लिहिलं असंल.

ती माझ्याजवळ बसली. आवाज एकदम खाली.

"ताई, रुपया होता का सेल?"

मी ईशूची लाळ पुसत राहिले.

"मी शेठना काही सांगत नाही. पण सेल असेल तर तो आत जाळतो. रुपया जाळत नाही. फक्त एवढं सांगा."

तवा सुद्धा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हिला हे बी माहीत हाय. लेकरू माझं आणि माहिती हिला. मग ईशूच्या घशातून घर्र झालं.

मी म्हणले, "सेल."

तिनं मला एक शब्द विचारला न्हाई. पाकीट मुठीत धरलं, डॉक्टरला सेलचा नंबर दिसावा म्हणून. शेठना म्हणली हिला जास्त वाटतंय, मोठ्या दवाखान्यात नेते. रिक्षा धरली. मी पाणी पाजायला गेले तर तिनं हात धरला, आता काहीच द्यायचं न्हाई म्हणली. किती वाजता गिळला, विचारलं. साडेदहा. तिनं मोबाईलमधी टाइम बघितला आणि रिक्षावाल्याला म्हणली, दादा, हॉर्न वाजवत चला.

रिक्षात तिनं मला समजावलं. सेल नळीत अडकला की तिथं ओलं असतं. ओल्यात सेल चालू होतो. बॅटरीचं पाणी हातावर पडल्यावर कातडं कसं जातं, तसं आतलं मांस जायला लागतं. दोन तासांत लई जातं. मी बॅटरीचं पाणी बघितलं हाय. आबांच्या दुकानाशेजारी बॅटरीवाला होता, त्याच्या हातावर पांढरे डाग होते. मी त्या डागांचाच विचार करत राहिले दवाखाना येईपर्यंत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात लाईन होती. ऋतुजा खिडकीशी जाऊन म्हणली, दीड वर्षाचं बाळ, बटन सेल गिळलाय, पावणेदोन तास झाले. त्या एका शब्दानं लाईन बाजूला झाली. सकाळपासून हाच शब्द माझ्या तोंडात होता.

फोटो काढला. डॉक्टर बाई होत्या, तरण्या. त्यांनी पडद्यावर मला दाखवलं. ईशूच्या छातीच्या वरच्या बाजूला, नळीत, पांढरा गोल. त्या म्हणल्या, नाण्याची कड एक दिसते, ह्याची दोन दिसतात, आत एक गोल, बाहेर एक गोल. हा सेल आहे. मग त्यांनी विचारलं, सकाळी कुणाला दाखवलं होतं का. मी म्हणले, दाखवलं होतं, पण मी रुपया सांगितला होता. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. केळ दिलं म्हणल्यावर तर बोलल्याच मला. भूल द्यायची असताना पोटात काही नको असतं. पण थांबायला वेळ नव्हता, तसंच घेऊ म्हणल्या.

कागदावर सही केली. इंग्लिश कागद ऋतुजानं वाचून सांगितला. त्यात काय काय व्हऊ शकतं ते लिहिलेलं होतं. तिनं एक वाक्य सोडून दिलं, मला समजलं तिनं सोडलं ते. ईशूला आत नेताना तिच्या मुठीत ऋतुजाचं बोट होतं. सोडवायला लागलं.

दुर्बिणीनं सेल काढला. बाहेर आणून बाटलीत दाखवला, एक बाजू काळी पडलेली. नळीला आतून जखम झाली होती, पण आरपार गेली नव्हती. अजून वेळ गेला असता तर आरपार गेली असती, असं डॉक्टर बाई म्हणल्या. काही दिवस नाकातून नळी, नळीतूनच दूध. पुन्हा दुर्बिणीनं बघितलं, तवा जखम भरत होती. आज ईशू भाकर खाते. चावते बी आणि गिळते बी. प्रत्येक घासाला मी तिच्या गळ्याकडं बघते, ते काही सुटत न्हाई माझ्यानं.

त्याच दिवशी संध्याकाळी शेठ दवाखान्यात आले. तवापर्यंत त्यांना समजलं होतं की रुपया नव्हता. त्यांनी विचारलं, सेल आला कुठून.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

ऋतुजा म्हणली, "माझ्याकडून राहिला, शेठ. मागच्या वेळी आले तेव्हा एक जुना सेल काढून टेबलावरच ठेवला होता."

शेठ तिला लई बोलले. बाकीच्या बाया, त्यांची लेकरं, सिस्टर, सगळ्यांसमोर. शिकलेली असून अक्कल न्हाई, लेकराचं काय झालं असतं म्हणजे. ती खाली बघून ऐकत होती. मी बाकड्यावर बसले होते. माझा ब्लाउज अजून ओला होता. मी तोंड मिटलं.

शेठ गेल्यावर पाण्याच्या टाकीजवळ मी तिला विचारलं, काऊन असं केलं. ती तोंड धुत होती. म्हणली, तुम्हाला कामावरून काढलं असतं ताई. आणि मग म्हणले असते, लेकरूवाल्या बायाच नकोत दुकानात. मला काय कधी लेकरू होणार नाही का. आणि हसली.

मी तिच्या पाया पडायला पायजे होतं. मनातून पडले बी असंल. पण त्याच्या खाली अजून काही होतं, तेच जुनं, बारीक, जळणारं. चांगलं वागायचं बी हिलाच जमावं.

सरांची सायकल रविवारी वेळेत गेली. शनिवारी ऋतुजानं नवा सेल बसवून दिला होता, एका मिनिटाचं काम. सरांनी शेठच्या मोबाईलवर धबधब्याचा फोटो पाठवला, पुढं सायकल. गिअर एकदम मक्खन, असं लिहिलं होतं.

त्याच्यानंतर शेठनं ऋतुजाला नांदेडला बोलवायचं बंद केलं. इलेक्ट्रॉनिकवाल्या सायकली टेम्पोत घालून लातूरला जायला लागल्या, गिऱ्हाईक कटकट करायला लागले. मग एक दिवस शेठनं मला काचेच्या केबिनमधी बोलावलं, बस म्हणले. त्या खुर्चीवर मी आधी कधी बसले नव्हते. म्हणले, पुण्याला ट्रेनिंग हाय, नव्या गिअरांचं, एकाच माणसाची जागा हाय. पुढं दोन्ही दुकानांचं इलेक्ट्रॉनिक काम त्याच माणसाकडं. ऋतुजा हुशार हाय, पण बेफिकीर. तुझ्याच लेकरावर बेतलं होतं, म्हणून तुला विचारतो. तिच्यावर भरोसा ठेवायचा का न्हाई, तू सांग.

इथंच सांगायचं होतं. दार बंद होतं, दुसरं कुणी नव्हतं, शेठ नीट विचारून राहिले होते.

मी म्हणले, "भरोसा ठेवा शेठ. चूक कुणाकडून बी होते."

शेठनं पेन उचललं. मग म्हणले, "तुझं मन मोठं हाय सारिका. पण चूक ती चूकच. तूच जा." आणि कागदावर माझं नाव लिहिलं.

मी पुण्याला जाऊन आले. आता दोन्ही दुकानांचे इलेक्ट्रॉनिक गिअर मीच बघते. बिराजदार सर मला मॅडम म्हणतात. चहा कपात येतो. ऋतुजा लातूरला लहान पोरांच्या सायकली जोडते आणि पंक्चर काढते. मोबाईलवर इंग्लिश काही अडलं की मी तिलाच फोन लावते. दुसऱ्या रिंगला उचलते. आधी ईशूचं विचारते, मग गिअरचं सांगते. त्या दिवसाचं तिनं एकदा बी काढलं न्हाई. तिनं काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मिस्त्री लोकांना एवढंच सांगते. सेल काढला की पहिलं त्याला दोन्ही बाजूंनी टेप मारा आणि झाकणाच्या डब्यात टाका. जुना असला तरी टाका, जुन्यात बी जीव असतो. वायर तुटली तर सायकल बंद पडते, लेकरू न्हाई. आणि ज्यांच्या घरी लेकरू हाय त्यांना सांगते, गिळलं असं वाटलं तर काही खाऊ-पिऊ घालू नका, उठा आणि मोठ्या दवाखान्यात जा, आणि काय गिळलं त्याचं खरं नाव सांगा. कुणासमोर बी सांगा.

हे मी सगळ्यांना सांगते. फक्त शेठना सांगितलं न्हाई. त्यांची केबिन माझ्या टेबलापासून बारा पावलं हाय. सांगितलं तर काम जाईल, आणि आता ते निस्त्या मिस्त्रीचं न्हाई, ट्रेनिंग घेतलेल्या मॅडमचं काम हाय. न सांगितलं तर ऋतुजा तिकडं पंक्चर काढत राहील.

तुमच्या लेकराचा जीव जिनं वाचवला तिनंच तुमची चूक अंगावर घेतली असती, तर त्या संध्याकाळी तुम्ही तोंड उघडलं असतं का? आणि समजा तवा गप बसलात, तर मग त्या केबिनमधी, खुर्चीवर बसून, तुम्ही काय म्हणला असता?